घर दाखवायला येण्याआधी फोन करा : पुण्यातल्या इस्टेट एजंट मंडळींना खुले पत्र

पुण्यात जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीची कामं करणाऱ्या सर्व इस्टेट एजंट मंडळींना,
आणि तुमच्यानंतर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या कार्यालयालाही,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी निदान अकरा जणांच्या फोनमध्ये माझा नंबर आहे. 'कोथरूड टू बीएचके थर्ड नो लिफ्ट' अशा काहीतरी नावाने तो सेव्ह केलेला असणार, कारण माझं नाव तुमच्यातल्या एकालाच ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी मी 'मॅडम, फ्लॅट आहे का गेला?' एवढीच.

फ्लॅट अजून आहे. १९९४ची इमारत, तिसरा मजला, मागच्या बाल्कनीतून एआरएआयची टेकडी दिसते. घरात आम्ही पाच जण : मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची थोरली आणि तीन वर्षांचा धाकटा. सासूबाईंच्या गुडघ्यांनी तिसरा मजला चढायला साफ नकार दिला, म्हणून लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरलं आणि फेब्रुवारीत घर विकायला काढलं. आजपर्यंत चौतीस पार्ट्या येऊन गेल्या. मी वहीत लिहून ठेवते, अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या बाईची सवय.

त्यातल्या एकोणिसाव्या पार्टीबद्दल हे पत्र आहे.

गुरुवार होता, दुपारचे पावणेतीन. मी ऑफिसात, नवरा चाकणला. धाकटा आणि सासूबाई आतल्या खोलीत झोपलेले, थोरली बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत बसलेली. बेल वाजली. तिने आधी लाकडी दार उघडलं, मग जाळीचं. बाहेर एजंटकडचा मुलगा होता, जो याआधी एकदा येऊन गेला होता, आणि त्याच्यासोबत एक गृहस्थ. मला फोन नाही, मेसेज नाही. 'इथूनच चाललो होतो, म्हटलं दाखवून टाकू,' असं नंतर कळलं. दोघं आत आले आणि दोन मिनिटांत त्या मुलाला खालून फोन आला की टोइंगवाले गाडी उचलतायत. तो धावत खाली गेला. गृहस्थ वरच राहिले.

साधारण दहा मिनिटं. मी नंतर थोरलीला विचारून, तिच्या हिशेबाने मोजली. तेवढ्या वेळात तिने त्यांना दोन्ही बेडरूम दाखवल्या, आजी झोपलीय म्हणून बोटावर चालायला सांगून. बाथरूम दाखवलं. ट्रेमधून पाणी दिलं. त्यांनी विचारलं, शाळा कुठली, तिने सांगितली. आई किती वाजता येते, साडेसहाला. तुझी खोली कुठली, ही. त्यांनी 'हुशार आहेस हं' म्हटलं. एजंटचा मुलगा परत आला, दोघं गेले.

संध्याकाळी मी चप्पल काढतेय तोच ती समोर उभी. "आई, आज मी एकटीने घर दाखवलं."

तिचा चेहरा इतका फुललेला होता की मला रागवताच येईना. पहिल्यांदा मी "शाब्बास" म्हटलं. खरंच म्हटलं. मग मोरीत जाऊन पाय धुताना माझे हात थरथरायला लागले.

ते गृहस्थ चांगलेच असणार. त्यांच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही. एजंटने त्यांना आणलं, मुलीने आत घेतलं, ते बिचारे वाट बघत थांबले. पण ते चांगले होते हे आम्हाला नंतर कळलं, आणि तेही काही घडलं नाही एवढ्यावरून. दार उघडताना ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना आणणाऱ्यालाही नाही. मी एजंटला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एकदम जेन्युइन पार्टी. लोन सँक्शन आहे." बँकेने त्या माणसाचा पगार तपासला होता, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पुढे तो म्हणाला, "आणि मॅडम, दाखवलं नाही तर विकणार कसं?"

या दुसऱ्या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. कारण त्याचं खरं होतं, आणि माझी चूक तिथेच कुठेतरी होती.

थोरली तीन वर्षांची झाली तेव्हापासून आम्ही तिला एकच गोष्ट घोकवली. बेल वाजली की आतून विचारायचं, कोण आहे. ओळखीचा आवाज नसेल तर दार उघडायचं नाही. कुरिअर असो, गॅसवाला असो, 'बाबांचा मित्र' असो. घरात कोणी नाही असं कधी सांगायचं नाही, 'आई आंघोळीला गेलीय' म्हणायचं. आमच्याकडे परवलीचा शब्दही आहे. कोणी 'आईने पाठवलंय' म्हणाला की तिने तो विचारायचा. तो शब्द काय ते अर्थातच इथे लिहीत नाही. १०९८ आणि ११२ हे नंबर तिला पाठ आहेत. शाळेत चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवतात, तेही तिला नीट येतं. ही सहा वर्षांची मेहनत.

आणि फेब्रुवारीपासून आम्ही तिला काय शिकवलं? लोक घर बघायला येतात, हसून बोल. तुझा पसारा आवर. पाणी विचार. काका विचारतील ते सांग. तोंड वाकडं करू नकोस, अशाने घर विकलं जात नाही. एकदा ती एका पार्टीसमोर खोलीचं दार लावून बसली, तर मी तिला ओरडले होते. "असं करतात का पाहुण्यांसमोर?" म्हणजे तिने बरोबर केलं होतं आणि मी तिला तिच्या मनाविरुद्ध चुकीचं वागायला लावलं. चार महिन्यांत आम्ही आमच्या हाताने सगळं पुसून टाकलं. तिच्या लेखी ते गृहस्थ अनोळखी नव्हतेच मुळी. ते 'घर बघायला आलेले काका' होते, आणि अशा काकांशी कसं वागायचं ते आईनेच सांगितलं होतं.

ही चूक आमची, ती मी तुमच्यावर ढकलत नाही. पण तिचा पाया तुमच्या धंद्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत तुम्हाला बदलता येईल, म्हणून लिहिते आहे.

तुमची बाजूही मला दिसते. वीस वेळा जिने चढावेत तेव्हा एक व्यवहार होतो, आणि तो झाला नाही तर पेट्रोलचेही पैसे सुटत नाहीत. एकच फ्लॅट सहा एजंटांकडे, एकच पार्टी चौघांकडे. जो आधी दाखवेल त्याची दलाली. पार्टी गाडीत बसलेली असताना 'मॅडमना विचारतो, उद्या जाऊ' म्हटलं की ती दुसऱ्याच्या गाडीत बसते. म्हणूनच सगळी धावपळ 'आता लगेच दाखवतो'ची. आम्ही विकणारेही काही कमी नाही. आमच्याच इमारतीत दोन घरांच्या चाव्या खालच्या किराणा दुकानात ठेवलेल्या असतात, 'कोणी आलं तर द्या' म्हणून. घर रिकामं असेल तर एकवेळ ठीक. पण त्यातल्या एका घरात दुपारी कॉलेजची मुलगी एकटी अभ्यास करत असते.

आता व्हिडिओचं सांगते.

मार्चमध्ये एका एजंटने घराचा व्हिडिओ काढला, दीड-पावणेदोन मिनिटांचा. मी समोर होते, परवानगी दिली होती. आठ दिवसांनी नाशिकहून मावसबहिणीचा मेसेज आला, "अगं, हे तुझंच घर ना?" तिच्या दिराच्या कुठल्यातरी इन्व्हेस्टमेंटच्या ग्रुपवर तो फिरत होता. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला, थांबवत थांबवत, आणि घराकडे परक्याच्या नजरेने बघायला शिकले.

मुलांच्या खोलीच्या दारावर थोरलीचं नाव, लाकडी अक्षरांत. खुंटीला शाळेचा गणवेश, त्याच्यावर ओळखपत्राची निळी दोरी. शेल्फवर पोहण्याचं पदक, त्यावर क्लबचं नाव. आणि स्वयंपाकघरात कॅमेरा फ्रिजवरून संथपणे गेला, तिथे आमचा पांढरा फळा. 'बस ७.१०. परत १.५०. मंगळ-शुक्र तबला ५. आई ६.३०. बाबा ८.' माझंच गोल, टपोरं अक्षर. व्हिडिओ थांबवला की पहिल्या इयत्तेतलं पोरही वाचेल. शेवटी धाकटा नुसत्या चड्डीवर हॉलमधून पळत जातो, आणि त्याच्यावर एजंटचा आवाज : "एकदम फॅमिली बिल्डिंग, दुपारी तर इतकी शांतता की कोणी नसतंच."

मी त्याला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्याने लगेच काढला, माफीही मागितली. "पण मॅडम, पुढे कोणी फॉरवर्ड केला असेल तर ते माझ्या हातात नाही." तेही खरं. आमचं घर आता कुणाकुणाच्या गॅलरीत आहे ते देव जाणे.

२०२३मध्ये देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण 'मूल' आहे आणि धंद्यासाठी मुलाची माहिती हाताळायची तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलंय. कायद्याचा दंडुका दाखवायला हे लिहीत नाही. मी संमती दिली होती ती घराच्या व्हिडिओला. मुलीच्या बसच्या वेळेला दिली नव्हती. फरक समजायला कायदा कशाला हवा?

तिसरी गोष्ट सांगताना अजून पोटात खड्डा पडतो, म्हणून थोडक्यात उरकते. पुण्यात अर्ध्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळी असते, आमच्याही होती. एका एजंटने सोबत फोटोग्राफर आणला. तो म्हणाला, जाळीमुळे टेकडी 'कट' होते, ती काढली तर फोटोत भारी दिसेल, नंतर लावून घ्या. आम्ही काढली. त्याने बाल्कनीत कठड्याला लागून वेताचा मोडा ठेवला, त्यावर मनीप्लांटची कुंडी. चहा पीत टेकडी बघतोय असा भास व्हावा म्हणून. फोटो सुंदर आले. कुंडी आम्ही उचलून आत घेतली, मोडा तिथेच राहिला.

आमचा कठडा जुन्या पद्धतीचा, आडव्या पट्ट्यांचा. लहान मुलासाठी ती शिडीच असते. जाळी होती तोवर हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. दोन दिवसांनी खाली भंगारवाला ओरडत चालला होता. धाकट्याला भंगारवाल्याचं प्रचंड आकर्षण. तो मोड्यावर चढला आणि पोट कठड्यावर टेकवून, पाय वर घेऊन "ओ भंगाआर" करत वाकला. सासूबाई गवार निवडत होत्या. ज्या गुडघ्यांपायी आम्ही घर विकतोय, त्याच गुडघ्यांनी त्या उठल्या आणि त्याच्या बनियनची मागची बाजू मुठीत धरली. ती बनियन त्यांनी ठेवून दिली आहे. मागचा गळा ताणून लोंबतोय.

रंगाचंही तसंच. 'एक हात मारून घ्या, दोन लाख वाढतील' हा सल्ला तुमच्यापैकी तिघांनी दिला. आम्ही मारून घेतला. घरात माणसं राहत असतानाच रंगकाम चाललेलं. रंगाऱ्याने उरलेला थिनर पाण्याच्या एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवला. दिसायला अगदी पाणी. तो मला वासावरून सापडला, मुलांच्या हाती लागण्याआधी. आमच्या मुलांच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, हे नेहमीचंच आहे. त्यांनी बजावलं ते इथे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल : थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल पोटात गेलं तर मुलाला उलटी करायला लावायची नाही, ते फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठायचा. रंगारी आमचा होता, तुमचा नव्हे. पण 'मारून घ्या' म्हणताना 'मुलं आठ दिवस आजोळी पाठवा' एवढं जोडायला काय हरकत आहे?

टोकन दिल्यावरचा एक अनुभव राहिलाच. मेमध्ये एका कुटुंबाने टोकन दिलं होतं, पुढे त्यांचं कर्ज फिसकटलं. ते तीन आठवडे घर जणू त्यांचंच झालं होतं. सुतार मापं घ्यायला, इंटिरियरवाली फोटो काढायला, मामा 'नुसते बघायला'. एका रात्री नऊ वाजता वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन मुलांच्या खोलीत, धाकट्याच्या उशाशी. म्हणाले, याने डोकं पूर्वेला करावं. तो पूर्वेलाच काय, रात्रभर आठही दिशांना डोकं करून झोपतो. साठेखत होऊन, पैसे देऊन, ताबा मिळेपर्यंत घर राहणाऱ्याचं असतं, हे टोकन घेताना समोरच्या पार्टीला तुम्हीच सांगायला हवं. आम्ही सांगितलं की आमचा स्वभाव वाईट ठरतो.

बरं, यात तुमचाही फायदा-तोटा आहे. इंग्लंडात १९८६च्या जुलैमध्ये सुझी लॅम्प्लू नावाची पंचवीस वर्षांची इस्टेट एजंट लंडनच्या फुलम भागात एक घर दाखवायला गेली. ऑफिसच्या डायरीत तिने ग्राहकाचं नाव लिहिलं होतं, 'मिस्टर किपर'. ती परत आली नाही. आजवर तिचा मृतदेहही सापडलेला नाही. तो किपर कोण, हेही कधी उलगडलं नाही. पुढे तिच्या आईने एकट्याने कामावर जाणाऱ्या लोकांच्या सुरक्षेसाठी संस्था उभी केली, ती अजून काम करते. तुमच्यात आता कितीतरी बायका-मुली आहेत. पार्टीचं खरं नाव, फोन नंबर, एखादं ओळखपत्र आधी घ्यायचं, हे माझ्या मुलीइतकंच त्यांच्याही कामाचं आहे. मोठ्या सोसायट्यांत गेटवर ॲपमध्ये नोंद होते, फोटो निघतो. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत वॉचमन म्हणजे खुर्ची आणि तिच्यावरची उशी. तिथे नोंद ठेवणारं कोणी असेल तर ते तुम्हीच.

आता महारेराला दोन शब्द.

साहेब, २०१६च्या रेरा कायद्याचं कलम ९ मी वाचलं. एजंटने नोंदणी केल्याशिवाय काम करू नये असं त्यात आहे, पण ते नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांबद्दल आहे. महाराष्ट्रात तुमचं काम १ मे २०१७ला सुरू झालं, आमची इमारत त्याच्या तेवीस वर्षं आधीची. म्हणजे नव्या टॉवरमधला, जिथे अजून कोणी राहायलाही आलेलं नाही असा फ्लॅट विकणारा एजंट तुमच्या नजरेखाली, आणि जिथे म्हातारी माणसं झोपलेली असतात, पोरं अभ्यास करत असतात, तो वापरातला फ्लॅट दाखवणारा मोकळा. कायद्याची कलमं तुमच्या हातात नाहीत हे मला समजतं. पण 'ए' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलेच कितीतरी एजंट सकाळी नवा टॉवर दाखवतात आणि दुपारी आमच्यासारख्यांची बेल वाजवतात. माणूस एकच असतो. २०२३च्या जानेवारीत तुम्ही त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केलीत, हे चांगलंच केलंत. त्या प्रशिक्षणातला एक तास फक्त राहत्या घरासाठी राखून ठेवा. राहत्या घरात कसं शिरायचं, तिथे कोण असतं, काय टिपायचं नाही. आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न घाला. गुण असले की माणूस वाचतो, हे कुठल्याही आईला विचारा.

तुम्हा एजंट मंडळींकडे मात्र मागणी सरळ आहे आणि तिला कुठल्या कलमाची गरज नाही. घर दाखवायचं तर आदल्या दिवशी फोन करा, आणि येणाऱ्याचं नाव-नंबर पाठवा. बेल वाजवल्यावर लहान मुलाने दार उघडलं किंवा आतून 'आई नाहीये' असा आवाज आला, तर आत पाऊल न टाकता तिथूनच मला फोन लावा आणि मी नाही म्हटलं तर जिना उतरा. पार्टी हातची गेली तरी चालेल. माझी गेली तर मी रडणार नाही. एकदा आत शिरलात की पार्टीला सोडून कुठेही जायचं नाही. गाडी उचलली जात असेल तर पार्टीला बरोबर खाली न्या. फोटोत मूल नको, मुलाचं नाव नको, गणवेश नको, वेळापत्रक नको. फोटो काढण्याआधी 'ताई, एवढं आत ठेवा' असं तुम्हीच म्हणालात तर आम्ही आयुष्यभर तुमचं नाव काढू, कारण स्वतःच्या घरातलं आपल्याला दिसत नाही. बाल्कनीची जाळी आणि खिडकीचं ग्रिल यांना हात लावायचा नाही, व्ह्यू कट झाला तर होऊ दे.

आणि मुलांना काही विचारू नका. अगदी 'बाळा, पाणी किती वेळ येतं?' हेसुद्धा. मुलं खरं सांगतात हे पार्टीला पक्कं ठाऊक असतं. आमच्या थोरलीने एका जोडप्याला मनापासून सांगितलं की पावसाळ्यात आजीच्या खोलीची भिंत ओली होते आणि तिथे सशासारखा डाग पडतो. ते खरं आहे. मी ते लपवणारही नव्हते, किमतीत धरलंही होतं. पण जोडपं गेल्यावर नवरा हसत म्हणाला, "ससा तीन लाखांना पडला," आणि तिने ते ऐकलं. घर आपल्यामुळे विकलं जात नाहीये, असं ती दोन दिवस समजत होती. ते ओझं मुलांच्या डोक्यावर कशाला?

एकोणिसाव्या पार्टीनंतरच्या रविवारी मी थोरलीला जवळ घेऊन बसले. सांगितलं की घर दाखवणं हे मोठ्यांचं काम आहे, तुझं नाही. मी तुला ते करायला लावलं, ते चुकलं. जुना नियम पुन्हा चालू. आई-बाबा घरात नसतील तर 'घर बघायला आलोय' म्हणणाऱ्यालाही दार उघडायचं नाही, आजी झोपली असेल तर तिला उठवायचं. आणि खोलीचं दार लावून बसावंसं वाटलं तर खुशाल बस.

तिने थोडा विचार केला. "मग ते काका वाईट होते का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"पण त्यांनी पाणी प्यायलं आणि थँक्यू म्हटलं."

"हो. तरी माहीत नाही."

हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही याहून बरं सुचलं नाही.

आता आमच्याकडची व्यवस्था. फ्रिजवरचा फळा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला गेला आहे. दारावरची अक्षरं काढून ठेवली आहेत, नव्या घरी लावू. चावी कोणाकडेही नाही. घर फक्त शनिवारी आणि रविवारी, अकरा ते एक या वेळात दाखवलं जाईल. त्या दोन तासांत मुलं समोरच्या काकूंकडे असतात, तिथे त्यांना अमर्याद कार्टून मिळतं, त्यामुळे तीच आता विचारतात, 'आज कोणी येणारे का?' या अटीमुळे दोन एजंटांनी आमचं घर यादीतून काढलं. एकाने मात्र बाकीच्या पार्ट्यांनाही हीच वेळ द्यायला सुरुवात केली आणि म्हणाला, उलट बरं पडतं, फेऱ्या वाचतात.

तेव्हा शनिवारी यायचं असेल तर शुक्रवारी फोन करा. बेल वाजवा. दार मी उघडेन.

आपली,
कोथरूड, टू बीएचके, थर्ड, नो लिफ्ट

ता. क. : जाळी पुन्हा लावून घेतली आहे. नव्या फोटोंत टेकडी चौकोनी-चौकोनी दिसते. पार्टीला तसं आधीच सांगून ठेवा.